घरी बसण्याचे दिवस आणि नेम

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान व कर्तबगार वक्त्यांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. त्या मालिकेत मजसारख्या एका निवृत्त शाळामास्तराला उभे करण्यात कार्यकारी मंडळाने धाडसच केले आहे. आपले चिटणीस जेव्हा विषय विचारावयास आले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, अलीकडे एकाच विषयाचा मला सांगोपांग अनुभव आलेला आहे, तो म्हणजे घरी बसणे." त्यांनी ते विनोदाने घेतले, पण मी ते गंभीरपणेच बोललो होतो. म्हणून आज त्याच विषयावर चार शब्द सांगण्याची अनुज्ञा घेतो.

प्रथम माझी हकीकत थोडक्यात निवेदन करतो. गतवर्षी ज्येष्ठातल्या पहिल्या पावसात आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावरून माझा पाय घसरला आणि गुडघ्याखालचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाडाला पट्टी बसविली, आणि तीन महिने त्या पायावर भार टाकावयाचा नाही, अशी सक्त ताकीद देऊन डॉक्टरांनी मला घरी पाठविले. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारत जुनी असल्याने लिफ्ट नाही. तपासणीसाठी खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेले तेवढे दिवस सोडले, तर सुमारे पाच महिने मी आमच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले नाही. पस्तीस वर्षे शाळेच्या घंटेवर चाललेला मनुष्य मी. सेवानिवृत्तीनंतरही सकाळचे फिरणे, ग्रंथालय, बाजार आणि संस्थेचे काम यांत दिवस कसा मावळे ते कळत नसे. तो मी एकाएकी एका खाटेचा व एका खिडकीचा धनी झालो.

पहिल्या आठवड्यात माझा उत्साह दांडगा होता. आलेल्या संकटाचे सोने करावयाचे, असा मी निश्चय केला. समग्र ज्ञानेश्वरी सार्थ वाचावयाची, संस्कृतची उजळणी करावयाची, आत्मवृत्त लिहावयाचे, नातवाला बीजगणित शिकवावयाचे, अशी एक भली मोठी यादी करून ती मी उशाशी लावली. भेटावयास येणारे आप्त शहाळी घेऊन येत आणि ती यादी पाहून माझी वाहवा करीत. तिसऱ्या आठवड्यात शहाळीही थांबली आणि वाहवाही. ज्ञानेश्वरी पहिल्या अध्यायातच राहिली. दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण, हातात मोबाइल, समोर दूरदर्शन संच, आणि मनात सर्वांविषयी एक प्रकारची चीड, अशी माझी अवस्था झाली. भिंतीवरची ती यादी मला वाकुल्या दाखवू लागली. शेवटी मीच ती फाडून टाकली.

दीड महिना लोटल्यावर एक दिवस चहा गार झाला एवढ्या क्षुल्लक कारणावरून मी आमच्या सौ.ला लागट बोललो. ती क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही दीड महिना घरात आहात. मी चव्वेचाळीस वर्षे आहे. वेळ कसा जातो, असे मला कधी कोणी विचारले नाही." एवढे बोलून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने मेथीच्या दोन जुड्या व एक परात माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "एवढी निवडून द्या. अकराला फोडणीला टाकायची आहे."

सभ्य स्त्री-पुरुषहो, मी आयुष्यात अनेक व्याख्याने ऐकली व दिली. पण त्या परातीइतके परिणामकारक व्याख्यान माझ्या ऐकण्यात नाही. ती मेथी मी अकराच्या आत निवडून दिली. त्या दिवशी दुपारी मला डुलकी आली नाही. असे का व्हावे, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला, आणि त्या विचाराचे सार आपणांसमोर ठेवण्यासाठीच येथे उभा आहे.

घरी अडकून पडण्याचा प्रसंग केवळ मजवरच आला, असे नाही. मार्च २०२० मध्ये अवघ्या देशावर तो आला. २२ मार्चचा जनता संचारबंदीचा दिवस, २४ मार्चच्या रात्रीची घोषणा आणि दुसऱ्या दिवसापासूनची एकवीस दिवसांची टाळेबंदी, जिची मुदत पुढे वाढतच गेली, हे आपणांपैकी कोणीही विसरलेले नाही. दोन खोल्यांत सहा-सात माणसे, एकाची कचेरी स्वयंपाकाच्या ओट्याशी, दुसऱ्याची शाळा मोबाइलच्या काचेत, आणि दाराबाहेर भय. कित्येकांची मिळकत बंद झाली, कित्येकांची माणसे गेली. त्या दिवसांत एक गोष्ट फार सांगितली जात असे. १६६५ साली इंग्लंडात प्लेगची साथ आली, केंब्रिजचे विद्यापीठ बंद झाले, आणि तरुण न्यूटन आपल्या वुल्स्थॉर्प या गावी जाऊन राहिला. तेथील वास्तव्यात त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांविषयीच्या आपल्या महान शोधांचा पाया घातला. मग तुम्ही घरी बसून काय केले, असा त्या गोष्टीचा रोख असे.

गोष्ट खरी आहे. पण तिचा असा उपयोग करणे मला अन्यायाचे वाटते. न्यूटन गावी गेला तो रिकाम्या डोक्याने गेला नाही. केंब्रिजमधील अभ्यासाची शिदोरी त्याच्यापाशी होती, आणि जे प्रश्न त्याला तेथे पडले होते तेच तो गावी घेऊन गेला. शिवाय त्याच्यावर घरच्या जेवणाची, आजाऱ्याच्या शुश्रूषेची वा लहान मुलांची जबाबदारी नव्हती. ज्या मातेने टाळेबंदीत चार माणसांचे दोन्ही वेळचे अन्न शिजविले, मुलांचे अभ्यास घेतले आणि सासऱ्यांची औषधे वेळेवर दिली, तिने कोणता शोध लावला, असे विचारणाऱ्याने आधी एक आठवडा ती परात उचलून पाहावी. घरी अडकलेल्या मनुष्यास मोठ्यांच्या पराक्रमाने लाजविणे हा त्याला कामाला लावण्याचा मार्ग नव्हे. माझ्या यादीने मला तसेच लाजविले होते, आणि लाजलेला मनुष्य काम करीत नाही, तोंड लपवितो.

तथापि थोरांच्या चरित्रांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ते त्यांच्या पराक्रमात नसून त्यांच्या पद्धतीत आहे. लोकमान्य टिळकांचेच उदाहरण घ्या. जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडाले येथे झाली. वय बावन्न, मधुमेहाची व्याधी, परके हवापाणी, लाकडी फळ्यांची खोली. लिहावयास शाई मिळत नसे. शिसपेन मिळे, आणि तीही बांधलेल्या व पाने मोजून दिलेल्या वह्यांपुरती. अशा स्थितीत १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत त्यांनी गीतारहस्याचा खर्डा लिहिला. आपण ते पाच महिने आठवतो. परंतु त्यापूर्वीची दोन वर्षे विसरतो. त्या दोन वर्षांत ते ग्रंथ मागवीत होते, वाचीत होते, जर्मन-फ्रेंचसारख्या भाषांचा अभ्यास करीत होते. पुढे १९१२ साली ते मंडालेत असतानाच त्यांच्या पत्नी पुण्यास निवर्तल्या. म्हणजे तो काळ काही निर्वेध समाधीचा नव्हता. सुटका १९१४ मध्ये झाली आणि ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. यातून मी एवढेच घेतो की, स्फूर्ती येण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. दिवसाला त्यांनी आकार दिला, आणि त्या आकारात काम आपोआप येऊन बसले.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. १९३२ साली विनोबाजींनी तेथे गीतेवर प्रवचने केली. २१ फेब्रुवारीस पहिले प्रवचन झाले व १९ जूनला शेवटचे. अठरा अध्याय आणि अठरा रविवार. साने गुरुजी ती प्रवचने उतरून घेत, आणि त्यांतूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. यांत दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, रविवार ठरलेला होता. मन प्रसन्न आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. दुसरी, कोणीतरी वाट पाहत होते. समोर ऐकणारे बंदिवान बसलेले, आणि गुरुजींची लेखणी सज्ज. ज्या कामाची वाट पाहणारा कोणी नाही, ते काम घरी बसलेल्या मनुष्याकडून बहुधा होत नाही. माझे आत्मवृत्त कोणालाच नको होते. मेथी मात्र अकराला हवी होती.

आणि भगिनींना मी रमाबाई रानड्यांचे स्मरण देईन. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्या विवाह होऊन आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्तींनी त्यांना घरातच शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचत नव्हते. तरी घरकाम सांभाळून, बोलणी सोसून, त्यांनी तो अभ्यास सोडला नाही. १९०१ साली वैधव्य आल्यावर सुमारे एक वर्ष त्या पुण्यास जवळजवळ एकांतातच राहिल्या. त्या एकांतातून त्या बाहेर आल्या, आणि पुढे १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या त्या आधारस्तंभ झाल्या. १९१० साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या एका वर्षाला कोणी वाया गेलेले वर्ष म्हणेल काय? दुःखालाही त्याचा काळ द्यावा लागतो, आणि तो देणे हा आळस नव्हे.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांना ही विद्या पूर्णपणे अवगत होती. तिला त्यांनी एक छोटासा शब्द दिला होता. तो शब्द म्हणजे नेम. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास म्हणजे काय? पावसाने वाटा बंद होत, नद्या भरून वाहत, यती-संन्यासीसुद्धा भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहत. त्या सक्तीच्या मुक्कामाला आपल्या लोकांनी रडगाणे केले नाही, व्रत केले. कोणी पोथी लावी, कोणी एक पदार्थ सोडी, कोणी रोज अमुक वाती वळण्याचा नेम धरी. नेमाचे वैशिष्ट्य असे की, तो लहान असतो, त्याची वेळ ठरलेली असते, आणि तो उत्साहावर अवलंबून नसतो. उत्साह हा पाहुणा आहे. तो येईल तेव्हा येईल. नेम हा घरचा माणूस आहे.

या दृष्टीने माझ्या पाच महिन्यांतून मला ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, त्या आपणांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट, रात्रीची झोप व सकाळचे उठणे यांची वेळ निश्चित करावी. घरी बसलेल्या मनुष्याचा दिवस बिघडतो तो रात्री बिघडतो. उठल्यावर स्नान करून, धुतलेले कपडे घालून बसावे. दिवसभर अंगावर रात्रीचीच वस्त्रे असली की मनही अंथरुणातच राहते.

दुसरी गोष्ट शरीराची. अंथरुणावर पडून राहणाऱ्याचे स्नायू फार लवकर क्षीण होतात, हे मी स्वतः अनुभवले. व्यायामतज्ज्ञ बाईंनी मला पावले वर-खाली हलविण्याचे, मांडीचे स्नायू आवळून सोडण्याचे व दीर्घ श्वासाचे प्रकार शिकविले. ते मी दिवसातून चार वेळा, चहा-जेवणाला जोडून करू लागलो. ज्याला जे झेपेल ते त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे; पण काहीच न करणे हा आराम नव्हे.

तिसरी गोष्ट, कामाची वाटणी बारीक करावी. 'ग्रंथ वाचीन' असे म्हणू नये. 'न्याहरीनंतर चार पाने वाचीन' असे म्हणावे. मोबाइल व दूरदर्शन यांना जागा असावी, पण ती ठरावीक वेळेची असावी आणि कामानंतरची असावी.

चौथी गोष्ट, घरातले एक तरी काम आपले म्हणून घ्यावे. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, विजेची बिले व औषधांचा हिशेब ठेवणे, ही कामे पुरुषांना कमीपणाची वाटतात. ती आपल्यासाठी आयुष्यभर दुसऱ्या कोणीतरी केलेली असतात, हे मात्र त्यांना आठवत नाही.

आणि पाचवी गोष्ट, नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी तो तेथूनच पुन्हा धरावा. चुकलेल्या दिवसाचा दंड भरीत बसू नये. काही दिवस वाईटच जातात. तीन-तीन आठवडे मन उदास राहिले, अन्न गोड लागेनासे झाले, जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते आळसाचे लक्षण नसून आजाराचे असू शकते. आणि त्यासाठी वैद्यकीय मदत घेण्यात कसलीही लाज नाही.

आता शेवटची हकीकत सांगतो. ती सांगावी की नाही, याविषयी माझ्या मनात पुष्कळ चलबिचल होती.

माझा दिवस थोडा मार्गी लागल्यावर मी चिटणीसांना निरोप पाठविला की, घरबसल्या करण्याजोगे संस्थेचे काही काम असल्यास द्यावे. त्यांनी विद्यार्थी साहाय्यक निधीच्या जुन्या खातेवह्यांची एक पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवून आणून दिली. पाने जीर्ण, शाई पुसट, अक्षर मोडी वळणाचे. त्या सर्व नोंदी स्वच्छ अक्षरात उतरून काढावयाच्या होत्या. मी नेम केला: रोज सकाळी दहा ते साडेअकरा, बारा नोंदी. कमी नाही आणि उत्साह आला तरी जास्तही नाही. तीन महिन्यांत नऊशेच्या वर नोंदी झाल्या. कोणाला वह्या-पुस्तकांसाठी दहा रुपये, कोणाला परीक्षेच्या शुल्कापुरते, कोणाला वसतिगृहासाठी परतफेडीच्या बोलीवर कर्जाऊ रक्कम. प्रत्येक नावापुढे एक घर उभे राहिले, आणि मी त्या खिडकीशी एकटा उरलो नाही.

एके दिवशी १९४९ सालच्या पानावर माझ्या कैलासवासी वडिलांचे नाव आले. कर्जाऊ शिष्यवृत्ती एकशे वीस रुपये. परतफेडीच्या रकान्यात पंचाहत्तर. पुढे काही नाही. पंचेचाळीस रुपये येणे.

आपणांपैकी जुन्या सभासदांना स्मरत असेल की, काही वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत एका कुटुंबाची थकलेली रक्कम माफ करण्याचा ठराव आला असता मी त्यास विरोध केला होता. आमच्या घराण्याने संस्थेकडून कधी एक पैसाही घेतला नाही, असे मी त्या वेळी अभिमानाने सांगितले होते, आणि घेतलेले परत करण्याची दानत असावी लागते, असे कठोर शब्दही उच्चारले होते. ठराव त्या वर्षी बारगळला. वडिलांनी मला ही गोष्ट कधी सांगितली नाही. ज्या शिक्षणावर ते नोकरीस लागले आणि ज्या नोकरीवर मी शिकलो, त्याच्या मुळाशी या संस्थेचे पंचेचाळीस रुपये आजवर येणे होते.

त्या दिवशी मी बाराच नोंदी केल्या. पण शेवटच्या दोन ओळींचे अक्षर नीट आले नाही. सौ.ने विचारले, काय झाले. मी वही तिच्यापुढे केली. ती वाचून म्हणाली, "पैसे फेडता येतील. बोललेले कसे फेडणार, ते बघा."

पैसे मी संस्थेत भरले आहेत. पंचेचाळीसच नव्हे, माझ्या ऐपतीप्रमाणे अधिक. ज्या कुटुंबास माझ्या शब्दांनी वेदना झाल्या, ते कोणते, हे मी येथे सांगणार नाही. त्यांच्या घरी जिना उतरता येऊ लागल्यावर मी प्रथम गेलो. परंतु बोललो होतो भरसभेत, म्हणून क्षमाही भरसभेत मागणे मला प्राप्त आहे. ती मी आज येथे मागतो.

घरी बसावे लागले नसते, तर ही पेटी मी कधीच उघडली नसती. म्हणून हाड मोडले ते बरे झाले, असे मी म्हणणार नाही. मोडलेले हाड हे मोडलेले हाडच असते, आणि अजूनही जिना उतरताना माझा हात कठड्यावरून सुटत नाही. पण त्या दिवसांना काहीच अर्थ नव्हता, असेही मला आता म्हणवत नाही.

जाता जाता कार्यकारी मंडळास एक विनंती करतो. आपल्या सभासद कुटुंबांत आज किती माणसे घराबाहेर पडू शकत नाहीत, याची एक यादी करावी. वृद्ध आहेत, दीर्घ आजारी आहेत, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आहेत, तान्ह्या मुलांच्या माता आहेत, नोकरी गेल्याने लोकांना तोंड दाखविण्यास संकोचणारे तरुण आहेत. त्यांना भेटावयास जाताना शहाळी अवश्य न्यावीत. पण त्याबरोबर एखादे कामही न्यावे. स्मरणिकेची मुद्रिते तपासणे, पत्त्यांची यादी अद्ययावत करणे, विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून तासभर शिकविणे, जुन्या सभासदांच्या आठवणी लिहून काढणे, अशी कितीतरी कामे संस्थेपाशी पडून आहेत. जी स्त्री आधीच कामाने वाकली आहे, तिला मात्र काम नेऊ नये. तिच्या जागी दोन तास बसणारे माणूस न्यावे. आणि गेलात तर एकदाच जाऊ नका. वार ठरवून जा. घरी अडकलेल्या मनुष्याला सहानुभूती मिळते, पण ती तिसऱ्या आठवड्यात संपते. त्याला हवे असते ते हे की, कोणीतरी आपल्या कामाची वाट पाहत आहे.

मोडी वळणाच्या अजून दोन वह्या त्या पेटीत शिल्लक आहेत. ज्यांना मोडी येते त्यांनी सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे. आणि ज्यांना येत नाही पण शिकण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी माझ्या घरी दर शनिवारी सकाळी दहा वाजता दार उघडे असेल. जिने तीन आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.